बाही वर कर

तार लावली अंगणी, भोपळ्याचं केलं घर
माझ्या बाईच्या हातावं, काटा उभा सरसर

हा आवाज जैबुनच्या अम्मीचा. मागच्या अंगणात भोपळे भिजत घातलेल्या हौदाशी बसून, कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवून, भोपळ्याच्या पोटातला गर खरवडता खरवडता ती हे म्हणायची. घरात सगळे दखनी बोलत, अम्मीही बोलायची. पण गायची मराठीत, कारण गाणं ती माहेरच्या शेजारणींच्या जात्यावर शिकली होती. ओवीतली बाई म्हणजे जैबुन. पाच-सहा वर्षांची, फ्रॉकातली, पायांना लाकडाचा भुसा लागलेली.

पुढच्या खोलीत अब्बा, म्हणजे दस्तगीर शिकलगार, तंबोऱ्याची जवारी लावत बसलेले असत. तंबोऱ्याची तार घोडीवरून जाते. घोडी म्हणजे हाडाची बुटकी बैठक, वरून किंचित बाकदार. तार तिला टेकतेही आणि टेकतही नाही. तारेखाली सुताचा एक धागा सरकवायचा. केसभर पुढं, केसभर मागं. नेमक्या एका जागी तो आला की मिटलेली तार उघडते आणि एका सुरातून पुष्कळ सूर मधमाश्यांसारखे उठतात. ती जागा कुठल्या मोजपट्टीवर नसते. अब्बा धागा सरकवत, जैबुन तार छेडी, आणि कधीतरी तिच्या हातावरची कोवळी लव ताठ उभी राही. मग अम्मी ओल्या हातांनी धावत येई.

"आला गं आला, काटा आला!"

आणि अब्बा धागा तिथंच सोडून हसत म्हणत, "झाली मग."

आता जैबुन चाळिशीला टेकली आहे. मधल्या काळात लग्न होऊन इचलकरंजीला गेली, ते निभलं नाही, परत येऊन अब्बांच्या शेजारी कानस घेऊन बसली. अम्मीचा तो आवाज तिला अजून आठवतो. शब्द, हेल, मध्येच घेतलेला श्वास, सगळं जागच्या जागी आहे. फक्त आठवून काही होत नाही. कपाट उघडलं, वस्तू दिसली, कपाट लावलं.

तिच्या मानेत दाणा आहे.

*

अम्मी पुरात गेली, पण बुडून नाही. कृष्णेचं पाणी घराला लागूनच्या तंबोऱ्यांच्या कारखान्यात शिरलं, सुटकेची बोट दाराशी आली, आणि अम्मीनं बाकी सगळं सोडून एक वाळवलेला भोपळा तेवढा मांडीवर घेतला. "असा गोल पुन्हा मिळायचा नाही," म्हणाली. जैबुननं तिचा हात धरला होता. वाटेत कुठंतरी तो हात गार झाला. हृदय थांबलं होतं. इंजिनाच्या आवाजात कुणाला कळलं नाही. हात धरून बसलेल्या जैबुनलासुद्धा लगेच कळलं नाही. किती वेळ ती त्या हाताशी बोलत होती, ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर तिचं अंग तिच्यावरच उठलं. बादली भरल्याचा आवाज झाला, गिऱ्हाइकाचा गार हात लागला, की छातीत घोडे उधळत, तळव्यांना पाणी सुटे, डोळ्यांपुढं चहाच्या रंगाचं पाणी चढू लागे. मग जेवण सुटलं, झोप सुटली. शेवटी एका पहाटे ती नदीच्या घाटाच्या खालच्या पायरीवर सापडली. अब्बांनी तिला घरी आणलं आणि दिवसभर तिच्या मनगटावर बोटं ठेवून बसून राहिले.

मिरजेला दवाखाने आणि तंबोरे दोन्ही जुने. त्यातल्याच एका दवाखान्यात डॉ. सुलभा हंचनाळे मनोविकारांवर नवं संशोधन करत होत्या. बाई बोलायला मोकळी. अब्बांना समोर बसवून त्यांनी कागदावर माणूस काढला, तो जरा भोपळ्यासारखाच निघाला, आणि त्याच्यात रेघा ओढल्या.

शरीरात एक मज्जासंस्था असते, ती आपल्याला विचारून काही करत नाही, म्हणून तिला स्वायत्त म्हणतात. तिच्या दोन बाजू. एक अनुकंपी: धोका दिसला की हृदय पळवते, घाम फोडते, अंगावरचा केस न्‌ केस उभा करते. दुसरी परानुकंपी: ती लगाम ओढते, श्वास खाली आणते, जेवलेलं जिरवते. या दुसरीची मुख्य दोरी म्हणजे व्हेगस नावाची नस. ती मेंदूच्या देठातून निघते आणि मानेतून खाली हृदयाकडे, आतड्यांकडे जाते. त्याच देठात निळसर पेशींचा एक ठिपका असतो. संकट आलं की तिथून नॉरॲड्रिनलिन नावाचं रसायन साऱ्या मेंदूवर शिंपडलं जातं आणि मेंदू खडबडून जागा होतो. संकट गेलं की शिंपण थांबायला हवं. काही माणसांचा ठिपका थांबायचं विसरतो. पूर ओसरतो, पण यांच्या आत पाणी चढतच राहतं.

दाणा म्हणजे तांदळाएवढं यंत्र. मानेत व्हेगसला चिकटवायचं. ते दोन ठोक्यांमधलं अंतर बघतं, कातडीचा ओलावा बघतं. वादळ उठणार असं दिसलं की माणसाला कळायच्या आत व्हेगसला ठरावीक लयीत टिचक्या मारतं. लगाम ओढला जातो, ठिपका गप्प होतो. त्याचं शास्त्रातलं नाव लांबलचक होतं. मिरजेत सगळे दाणाच म्हणत.

"दुखणार नाही ना पोरीला?" अब्बांनी तेवढंच विचारलं होतं.

"नाही दुखणार," डॉक्टर म्हणाल्या होत्या.

आणि खरंच, मग काहीच दुखलं नाही.

*

जैबुन उठे, भाकऱ्या थापे, कारखान्यात बसे, झोपे. बादली भरे आणि नुसती बादली भरे. ईद आली, शिरखुर्मा झाला, गोड होता. पुढच्या गल्लीतली मैत्रीण बाळंत झाली, बाळ तिच्या मांडीवर ठेवलं, ते वजनाला चांगलं होतं. अम्मीच्या ओढण्या तिनं नीट घडी घालून वाटून टाकल्या. घेणाऱ्या बायका रडल्या आणि तिनं त्यांना पाणी दिलं. अब्बा विचारत, "बरं वाटतं?" ती म्हणे, "हो." बरं वाटत नव्हतं. वाईटही वाटत नव्हतं. या दोहोंच्या मध्ये एक मोकळं माळरान असतं, तिथं ती राहायला गेली होती. तिथं वारा नव्हता. तक्रार करावी असंही तिथं काही नव्हतं.

काम चालूच होतं. सुरांचं यंत्र आता प्रत्येकाच्या खिशात असलं तरी गवय्यांना भोपळ्याचा तंबोरा लागतोच. जवारी लावायची वेळ आली की अब्बा नेहमीसारखं म्हणत, "उजेडाकडं बस. बाही वर कर." लहानपणापासून हेच. कापड तारेला लागू नये म्हणून, असं जैबुन समजून होती. ती खिडकीशी बसे, बाही कोपराच्या वर सारी, तार छेडी. अब्बा मान खाली घालून धागा सरकवत.

ऐकू सगळं येई. तार उघडतेय, मिटतेय, तिला कळे. पण उघडली म्हणून आवडे असं नाही, मिटली म्हणून खुपे असंही नाही. सगळे आवाज एकाच उंचीचे झाले होते. पूर्वी अंग सांगायचं, इथं थांब. आता अंग गप्प.

अब्बा पुष्कळ वेळ लावत. पुष्कळच. धागा पुढं, धागा मागं, पुन्हा कानस, पुन्हा धागा. शेवटी ते थकून वर बघत. तिला वाटे, अब्बांना जागा सापडली. ती मान डोलवी. मग अब्बा हळूच म्हणत, "झाली."

पूर्वीसारखं हसत नसत. तिला ते दिसे. लागत नसे, एवढंच.

अब्बांना तिनं सांगितलं नाही की काटा गेला. सांगून काय होणार? ज्या म्हाताऱ्यानं हात जोडून दाणा बसवून घेतला, त्याला काय सांगायचं, की पोर राहिली आणि पोरीतलं ते गेलं? जवारीला अब्बांचे कान आहेत. मिरजेत त्या कानांना नाव आहे. आपण तार छेडणारा हात तेवढा.

*

कुमुदिनीताई देशिंगकर आल्या त्या रिक्षेशी भांडत. रिक्षा चालकाविना चालणारी, त्यामुळं भांडण एकतर्फी.

"मेली सांगितलं तिथं थांबेल तर शपथ! पुढं नेऊन सोडलं मला. जैबुन, अगं धर हे."

सांगलीच्या या गायिकेकडं शिकलगारांचे तंबोरे तीन पिढ्यांपासून. गवसणीतून त्यांनी तंबोरा काढला आणि जैबुननं भोपळा ओळखला. अम्मीच्या मांडीवरचा. पुरातून आलेला तो एकच, आणि अब्बांनी तो मुद्दाम कुमुदिनीताईंसाठी लावला होता.

"हा बोलत नाही," ताई म्हणाल्या. "रुसलेल्या जावयासारखा बसलाय तोंड मिटून. मी म्हटलं नवा आहे, दोन दिवस संकोच वाटत असेल. पण छे! सूर दिला की एकच सूर परत देतो. व्याजसुद्धा नाही."

अब्बा कोपऱ्यात दांडीला रंग देत होते. त्यांनी वर बघून हसून सलाम केला.

"काय दस्तगीरभाई, असं का केलंत माझं?"

अब्बांनी मान डोलावली आणि पुन्हा ब्रश फिरवू लागले.

"बघ! हल्ली माझ्याशी बोलतच नाहीत. मोठे उस्ताद झाले!" ताई हसल्या; मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "जैबुन, माझा एकटीचा नाही गं. आमच्या नाटेकरबुवांचा नवा तंबोरा पण तसाच आहे. ते बोलले नाहीत तुम्हाला, तुझी आई गेली म्हणून. मीही बोलले नसते. पण हा भोपळा तिचा ना? हा मुका राहिलेला मला बघवत नाही."

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. जैबुननं ते पाहिलं. अम्मीच्या भोपळ्यावर हात ठेवला. गुळगुळीत होता. थंड होता. आतून काहीतरी यायला हवं होतं, एवढं तिला पाठ केलेल्या धड्यासारखं ठाऊक होतं. तिनं थोडा वेळ वाट पाहिली.

"ठेवून जा, ताई," ती म्हणाली. "बघते."

ताई गेल्यावर तिनं अब्बांच्या खांद्याला हात लावून तंबोरा दाखवला. ते समजले. चेहरा उतरला. "उजेडाकडं बस," म्हणाले. "बाही वर कर."

दुपार सरली. धागा फिरून फिरून काळा पडला. अब्बांनी वर पाहिलं. त्या बघण्यात या खेपेला असं काहीतरी होतं, की जैबुनची मान डोललीच नाही. मग अब्बा उठले आणि हात धुवायला गेले. नळ सोडून तिथंच उभे राहिले.

*

"मला सांगा," जैबुन डॉक्टरांना म्हणाली, "गाणं ऐकून काटा येतो तो कुठून येतो?"

डॉ. हंचनाळे चष्मा पुसत होत्या. थांबल्या.

"प्रत्येक केसाच्या मुळाशी एक इवलासा स्नायू असतो. तो ओढला की केस उभा. त्याला हुकूम द्यायचा अधिकार एकट्या अनुकंपीला. आपण ठरवून नाही आणू शकत काटा."

"आणि भीतीचा काटा?"

"तोच. भीती, थंडी, सूर, सगळ्यांना एकच दार. आत निळ्या ठिपक्याचं तेच शिंपण." त्यांनी चष्मा घातला आणि तिच्याकडं नीट पाहिलं. "दाण्याला भीती कुठली आणि गाणं कुठलं ते कळत नाही, जैबुन. केस उभा राहायला निघाला एवढंच त्याला कळतं. तो निजवतो. तुझा काटा गेलाय का?"

"सगळंच गेलंय."

"मग बोलली का नाहीस इतके दिवस?"

"दुखत नव्हतं ना," जैबुन म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा काढून हातात धरला. मग म्हणाल्या, "हे माझ्याकडून सुटलं. मी विचारायची, भीती वाटते का, झोप लागते का. गोडाची गोडी लागते का, हे विचारलंच नाही."

"कमी करता येईल दाणा?"

"येईल. पण गाणं आत घ्यायला दार किलकिलं केलं, की आधी कोण घुसेल सांगता येत नाही. पुरातली बोट येईल. घाटाची पायरी येईल. मला त्या पायरीची भीती वाटते. तुला नसेल वाटत, कारण दाणा वाटू देत नाही."

जैबुननं विचार केला. भीती वाटत नसताना धोका पत्करायचा म्हणजे दुसऱ्या कुणाच्या नावानं सही केल्यासारखं. उद्या जी घाबरेल ती वेगळीच बाई असेल. तिला विचारायला कोण जाणार?

"तुम्ही समोर असाल?"

"असेन. आणि पायरी पायरीनं उतरू. जरा जास्त झालं की लगेच वर." डॉक्टर पुढं झुकल्या. "आणखी एक. लांब श्वास सोडला की व्हेगस आपणहून लगाम ओढते. दाणे निघायच्या आधी माणसं हेच करत आली. बाळाला निजवताना, ओझं उचलताना, रडताना. काहीतरी लांब म्हणत राहायचं. तुला येतं का काही?"

जैबुननं मान हलवली. येतं काही, असं तिला वाटलं नाही.

*

सकाळी डॉक्टर कारखान्यात आल्या. भुशात पाय रुतवत अब्बांपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "दस्तगीरचाचा, आज दाणा थोडा खाली आणतेय. घाबरायचं नाही." अब्बांनी हसून मान डोलावली आणि त्यांच्यासाठी चहा घेऊन आले. किती धीराचा माणूस, असं डॉक्टरांना वाटलं.

खिडकीतून ऊन आलं होतं. जैबुन उजेडाकडं बसली. अम्मीचा भोपळा तिच्या मांडीला टेकलेला. तिनं बाही वर सारली. अब्बांनी समोर बैठक मारली, नवा धागा ओठांत ओला केला आणि घोडीवर लावला. डॉक्टर मागं स्टुलावर, हातात छोटी पाटी घेऊन. तिच्यावर जैबुनचे ठोके एका रेघेत पळत होते.

"उतरवते," डॉक्टर म्हणाल्या.

काही झालं नाही. खिडकीतली चिमणी, अब्बांची बोटं, रोगणाचा वास.

मग वास वाढला. रोगणाचा वास इतका तिखट असतो, हे ती विसरली होती. अब्बांच्या बोटांवर सुरकुत्या होत्या, नखात काळं होतं, आणि ती बोटं थरथरत होती. कधीपासून थरथरतात? तिच्या छातीत काहीतरी हललं, बंद घरात कुणी कूस बदलावी तसं.

आणि पाणी आलं. चहाच्या रंगाचं, दारातून, कोपऱ्यातून. इंजिनाची घरघर. तिच्या हातातला हात. मघापर्यंत ऊब असलेला.

"जैबुन, श्वास सोड. लांब सोड. हवंय का वर घेऊ?"

तिनं मान हलवून नको म्हटलं. तिचे दात वाजत होते. श्वास बाहेर टाकायला तोंड उघडलं, तर त्या श्वासाला शब्द लागूनच आले. बोलावले नव्हते. हौदाशी बसलेल्या बाईच्या हेलात, फाटक्या आवाजात, तिच्याच तोंडून:

"तार लावली अंगणी..."

ओळ संपली तरी श्वास संपला नव्हता. तो सगळा सोडून दिला. पाणी छातीपर्यंत येऊन तिथं थांबलं. ओसरलं नाही, पण चढलंही नाही. गालांवरून काहीतरी गरम ओघळत होतं. डॉक्टरांच्या पाटीवरची रेघ उसळली, वाकली, सरळ होऊ लागली. डॉक्टरांचं बोट वर घेण्याच्या खुणेवर होतं. ते तिथंच राहिलं.

आणि तिच्या उघड्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, उन्हात, एक एक केस उभा राहिला. वाऱ्यानं शेत सरसरावं तसा.

"झाली!"

अब्बा ओरडले होते. धागा सोडून दोन्ही हात वर केले होते त्यांनी. "झाली, जैबू! झाली बघ! या अल्ला, झाली!" सुरकुत्यांमधून हसू आणि पाणी एकदम वाहत होतं. पुरानंतर इतकं हसू तिनं त्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं.

जैबुन त्यांच्याकडं बघत राहिली.

तिचं बोट तारेजवळ होतं. तारेला लागलं नव्हतं.

"अब्बा," ती म्हणाली. "तार छेडलीच नाही मी."

ते हसतच होते. तिच्या हाताकडं बघत होते. ती पुन्हा म्हणाली, मोठ्यानं. चिमणी उडाली. अब्बा हसतच होते, हाताकडंच बघत. मग त्यांनी नजर वर करून तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं, तिच्या ओठांकडं पाहिलं, तारेपासून सुटं राहिलेलं तिचं बोट पाहिलं, आणि त्यांचे वर गेलेले हात हळूहळू खाली आले.

डॉक्टरांनी पाटी मांडीवर ठेवली.

जैबुननं बाहीकडं पाहिलं. खिडकीकडं पाहिलं. उजेडाकडं बस. बाही वर कर. तिच्या पोटात खोल कुठंतरी कळ उठली. खरी, धारदार, दुखणारी.

"कधीपासून?" तिनं विचारलं. आवाज न करता, नुसते ओठ हलवून.

अब्बांनी ते वाचलं.

"तुझी अम्मी होती तेव्हाच चालले होते कान," ते म्हणाले. आवाज फार मोठा लागला होता. आपलाच आवाज मोजता येत नाही अशा माणसाचा. "तिला ठाऊक होतं. तीच म्हणाली, पोरीच्या हाताकडं बघत जा, तो कधी खोटं बोलायचा नाही. मग बघत गेलो. कोल्हापूरला जाऊन कानातलं यंत्रही घालून बघितलं, चोरून. माणसं ऐकू येतात त्यात. तार येत नाही. पत्र्यावर खिळे ओतल्यासारखं येतं सगळं."

"मग दाण्यानंतर?"

"दाण्यानंतर हात गप्प झाला तुझा. मी आपला धागा हलवत बसायचो. वर बघायचो. तू मान डोलवायचीस, मला वाटायचं, ऐकलं असेल पोरीनं."

तिच्या तोंडून हसू फुटलं का हुंदका, तिला कळलं नाही. "मला वाटायचं तुम्ही ऐकलंत!"

हे त्यांनी वाचलं की नाही, कोण जाणे. त्यांनी खाली वाकून भुशातला धागा शोधला, बोटांत धरला, पण घोडीवर लावला नाही.

"सांगायचं होतंत मला," ती म्हणाली. त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून, आपल्याकडं वळवून, एक एक शब्द सुटा करून. "अब्बा. का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू दाणा काढून टाकला असतास. दुकानासाठी, माझ्यासाठी." त्यांनी मान हलवली. "घाटावरनं तुला आणलं, त्या दिवशी तुझ्या मनगटावर बोटं ठेवून बसलो होतो ना, तेव्हाच ठरवलं. तंबोरे मुके झाले तर होऊ देत. नाव जाऊ दे."

मग आपल्या मते अगदी हळू, पण गल्लीपर्यंत जाईल अशा आवाजात, ते म्हणाले,

"रोज दुपारी दारात उभी राहून 'अब्बा, जेवायला चला' म्हणायचीस. ऐकू नाही आलं मला, एकदाही नाही. पण ओठ हलायचे ना तुझे, जैबू. मला तेवढं पुरायचं."